ते पिल्लू

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या एखाद्या डोंगरवाडीत सकाळी डालगं उचललं की आधी कोंबडी फडफडत बाहेर येते आणि तिच्यामागून पिल्लांचा घोळका अंगणभर सांडतो. पिवळी, करडी, काळपट, काही पाठीवर तपकिरी पट्टे असलेली. घरातली बाई मूठभर कण्या टाकते आणि मोजते: बारा अंड्यांवर खुडूक बसवली होती, दहा निघाली. पाहुण्यानं विचारावं, यात तलंगा किती आणि कोंबडे किती? तिला त्या प्रश्नाचंच हसू येतं. आत्ताच कसं कळायचं, तुरा तर फुटू द्या, असं म्हणून ती पाण्याचं भांडं भरायला आत जाते.

मराठी व्याकरण या बाईच्या बाजूनं उभं आहे. तो कोंबडा, ती कोंबडी, पण ते पिल्लू. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, पाखरू, मूल, लेकरू, बाळ: जे अजून घडायचं आहे, त्या सगळ्यांना मराठी माणूस 'ते' म्हणतो. हिंदीत ही सोय नाही. तिथे अंड्यातून निघालेला 'चूज़ा' बोलणाऱ्याच्या तोंडी आपोआप पुल्लिंगी होऊन बसतो. मराठीनं संस्कृतातलं नपुंसकलिंग जपलं, आणि संस्कृतात हे लिंग ज्या शब्दाला सर्वांत मोठ्या अर्थानं लाभलं तो शब्द आहे ब्रह्म. ब्रह्मा हा देव पुल्लिंगी. ब्रह्म मात्र 'तत्', म्हणजे 'ते'. दोन दिवसांच्या पिल्लाला आणि उपनिषदांतल्या परम तत्त्वाला एकाच सर्वनामानं हाक मारता येते, ही मराठीची केवढी मोठी श्रीमंती आहे.

या सर्वनामाच्या आडून एक जुना प्रश्न डोकावतो. एखाद्या जिवाविषयी 'मला कळलं' असं म्हणायचा अधिकार माणसाला कधी येतो? आणि कळण्याची घाई असते ती कशासाठी?

आधी कळतं कसं ते पाहू. गावरान किंवा कुठल्याही शुद्ध जातीच्या पिल्लात पहिले काही आठवडे बाहेरून फारसं काही दिसत नाही. चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास नराचा तुरा आणि गलोल वाढू लागतात, त्यांवर लाली चढते. मादीचा तुरा फिकट आणि बसका राहतो. नराचे पाय जाड, चाल छाती काढून. दोन-अडीच महिन्यांनंतर मानेवरची आणि कमरेवरची पिसं बोलू लागतात: नराची लांब, टोकदार, चकाकणारी, मादीची आखूड आणि गोलाकार. कडकनाथात तुराच काळपट असतो, त्यामुळे लाली पाहून ठरवणाऱ्याची पंचाईत होते. तिथे आकार आणि पिसं यांवर भिस्त ठेवावी लागते. जिथं सगळी पिल्लं एकसारखी दिसतात, तिथं सावकाशपणा हाच खात्रीचा मार्ग.

पण माणसाला धीर कुठला? टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून तलंग, असं छातीठोकपणे सांगणारे गावोगाव भेटतात. ॲरिस्टॉटलनं प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात नेमकं उलट लिहून ठेवलं आहे: लांबट, टोकदार अंडं मादीचं. अडीच हजार वर्षांच्या अंतरानं दोन ठाम मतं, एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोन्ही चुकीची. अंड्याच्या आकाराचा आतल्या जिवाच्या लिंगाशी संबंध नाही.

विज्ञानानं मग दुसरी वाट काढली. कोंबडीवर्गात काही गुण लिंगाशी जोडलेले असतात, उदाहरणार्थ पंखांची पिसं लवकर फुटणं की उशिरा फुटणं. लवकर पिसं फुटणारा नर आणि उशिरा फुटणारी मादी यांचा संकर केला, तर पहिल्याच दिवशी पंख उघडून पाहता येतं: लांब पिसांची ती मादी, आखूड पिसांचा तो नर. ही युक्ती संकरात चालते. शुद्ध जातीत आई-बाप दोघेही एकाच गुणाचे असतात, म्हणून तिथे ती सहसा लागू पडत नाही. बार्ड प्लायमाऊथ रॉकसारख्या पट्टेदार जातीचा अपवाद; तिथे नर पिल्लाच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका मादीच्या ठिपक्यापेक्षा मोठा आणि पसरट असतो. याच तत्त्वावर केंब्रिजच्या पनेट आणि पीज या शास्त्रज्ञांनी जन्मतःच रंगानं लिंग सांगणाऱ्या जाती घडवल्या.

बाकीच्या शुद्ध जातींसाठी उरली ती जपानी विद्या. १९२०च्या दशकात कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलक्या हातानं उघडलं, तर आतल्या घडीवर एक बारीकसा उंचवटा दिसतो. टाचणीच्या डोक्याएवढा. गोल, चकचकीत, दाबला तरी न बसणारा असेल तर नर. सपाट असेल किंवा दिसतच नसेल तर मादी. सांगायला सोपं. प्रत्यक्षात काही माद्यांतही छोटा उंचवटा असतो, काही नरांत तो चपटा असतो, आणि जन्मानंतर दीड दिवसात ही खूण धूसर होत जाते. पारखी डाव्या हातात पिल्लू धरतो, अंगठ्यानं पोट हलकेच दाबून विष्ठा काढतो, उजव्या हाताच्या बोटांनी घडी उलगडतो, दिव्याखाली क्षणभर बघतो आणि पिल्लू एका खोक्यात सोडतो. पुढचं पिल्लू. तासाला हजाराच्या आसपास, शंभरात दोन चुकले तर चुकले. १९३०च्या दशकात असे जपानी पारखी अमेरिका, कॅनडा, ब्रिटनपर्यंत बोलावले जाऊ लागले.

इथं तत्त्वज्ञांचे कान टवकारले. या पारख्यांना विचारलं की तुम्ही नेमकं काय पाहता, तर म्हणे त्यांना सांगता येत नाही. ते फक्त ओळखतात. मग त्यांना 'माहीत आहे' असं म्हणायचं का? ज्ञान म्हणजे बरोबर उत्तर, की बरोबर उत्तर आणि त्याचं कारण? अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट ब्रँडम यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात या पिल्लं निवडणाऱ्यांचं उदाहरण घेऊन मोठा खल केला आहे, आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेच्या वर्गांत ते उदाहरण अजून फिरतं आहे.

भारतीय वाचकाला मात्र हा प्रश्न ऐकल्यासारखा वाटावा. भर्तृहरीनं वाक्यपदीयाच्या पहिल्या कांडात, दीड हजार वर्षांपूर्वी, तो जवळपास याच शब्दांत मांडला होता. त्याचं उदाहरण रत्नांचं आणि नाण्यांचं. खरं रत्न कोणतं, खोटं नाणं कोणतं, हे जाणकाराला जे कळतं ते अभ्यासातून येतं, अनुमानातून नव्हे, आणि ते त्याला दुसऱ्यापुढे शब्दांत ठेवता येत नाही. सराफ कट्ट्यावर सोनं कसोटीला घासणारा, आंब्याचा वास घेऊन आढी लावणारा, बैलाच्या चालीवरून त्याचं पाणी जोखणारा, हे सगळे भर्तृहरीच्या त्या एका कारिकेत मावतात. जपानी पारखीही मावतो.

मात्र 'सांगता येत नाही' या गोष्टीला फार गूढ करून ठेवायला नको. १९८७ साली बिडरमन आणि शिफ्रार या दोन संशोधकांनी साध्या माणसांना पिल्लांच्या त्या भागाची १८ छायाचित्रं दाखवली. नवख्यांची उत्तरं सुमारे ६० टक्के बरोबर आली. मग त्यांतल्या निम्म्यांना एवढंच सांगितलं, की अमुक ठिकाणी बघा, तिथं फुगवटा आहे की सपाट किंवा खोलगट आहे ते पाहा. पुन्हा तीच चित्रं दाखवली तेव्हा त्यांची उत्तरं ८४ टक्के बरोबर निघाली, म्हणजे अनुभवी पारख्यांच्या तोडीला पोहोचली. भर्तृहरीचा जाणकार सांगू शकत नाही. पण चांगला शिक्षक पुष्कळसं सांगू शकतो. जिवंत, वळवळणारं पिल्लू ताशी हजारांच्या वेगानं हातावेगळं करणं मात्र छायाचित्रातून येत नाही, ते अभ्यासातूनच येतं.

उत्तर खरं ठरलं कशावरून, हा वाद आपल्याकडे शतकानुशतकं चालला. मीमांसकांचं म्हणणं असं, की ज्ञान आपलं प्रामाण्य स्वतःबरोबरच घेऊन येतं. खोटं ठरेपर्यंत ते खरंच. नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते ज्ञान खरं की नाही ते बाहेरून ठरतं, त्यावर विसंबून केलेली कृती फळाला येते की नाही त्यावरून. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली. तेव्हा ते पाणी होतं. कोंबडी पाळणारी बाई या बाबतीत पक्की नैयायिक आहे. पारख्यानं तलंग म्हणून दिलेलं पिल्लू चार महिन्यांनी आरवलं, तर त्याचं ज्ञान तिथंच निकालात निघतं.

आणि निसर्ग कधीकधी नैयायिकालाही कोड्यात टाकतो. कोंबडीत बहुधा डाव्या बाजूचाच बीजांडकोश काम करतो. आजारानं तो निकामी झाला, तर उजव्या बाजूची सुप्त ग्रंथी वाढू शकते, कोंबडीला मोठा तुरा फुटतो आणि ती आरवू लागते. खेड्यात अशा कोंबडीला अपशकुनी म्हणून कापून टाकतात. १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात तर अंडं घातल्याच्या आरोपावरून एका 'कोंबड्या'वर खटला चालवून त्याला जिवंत जाळलं होतं. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेनं २०१० साली उजेडात आणलेले पक्षी त्याहून विलक्षण होते: अर्धं अंग कोंबड्याचं, अर्धं कोंबडीचं, आणि प्रत्येक बाजूची पेशी आपापलं लिंग सांभाळून असलेली. अर्धनारीनटेश्वरापुढे हात जोडणाऱ्या समाजानं आरवणाऱ्या कोंबडीला अपशकुन म्हणावं, हे पटत नाही.

आता घाईकडे येऊ. एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ताबडतोब कळावं, ही गरज कुणाची?

अकोले तालुक्यातल्या त्या अंगणात ती गरज नाही. गावरान कोंबडा बाजारात कोंबडीपेक्षा चांगला पैसा देतो, पाहुणचाराला तोच लागतो, नवसालाही तोच. तलंग अंड्यांसाठी राहते. दोघांनाही किंमत आहे, म्हणून दोघांनाही वाढायला वेळ मिळतो. याच तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली. 'गावरान' या शब्दाला तिथं जो मान आहे, तो कोंबडीलाही लागू आहे.

घाई आली ती अंड्यांच्या कारखानदारीतून. गेल्या शतकात अंड्यासाठी वेगळी आणि मांसासाठी वेगळी जात तयार केली गेली. अंड्याच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि अंगावर मांसही धरत नाही. खाद्य घालणं परवडत नाही म्हणून तो पहिल्याच दिवशी संपवला जातो. जगभरात दरवर्षी असे सुमारे सात अब्ज नर मारले जातात, असा अंदाज सांगितला जातो. आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली जी पिल्लं पोरांना खेळायला विकली जातात, त्यांतही हे नकोसे नर असतात. मूल घरी नेतं, खोक्यात चिंध्या घालतं, वाटीत पाणी ठेवतं. दोन-चार दिवसांत पिल्लू मान टाकतं, आणि ते का मेलं हे मुलाला कुणी सांगत नाही.

जपानी पारख्याचं कौशल्य खरंच थक्क करणारं आहे. पण त्याच्या दोन खोक्यांपैकी एका खोक्याचा अर्थ मरण असा आहे, हे विसरून त्या कौशल्यावर तत्त्वचर्चा करणं अपुरं आहे. पाश्चात्त्य वर्गातला प्रश्न 'त्याला माहीत आहे का' इथं थांबतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीत त्याच्या पुढचा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी विचारला गेला.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाच्या ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केलं असं परंपरा सांगते, तो पैसाचा खांब आजही तिथं आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय ते सांगताना भगवंत माहितीची यादी देत नाहीत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा अशी वृत्तीची यादी देतात आणि यालाच ज्ञान म्हणावं असं सांगतात. ज्ञानेश्वर त्यातल्या अहिंसेवर मनसोक्त रेंगाळतात. जीव दुखावू नये म्हणून अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, बघतो कसा, हे ते मायेनं रंगवतात. हिंसेतूनच अहिंसा साधते म्हणणाऱ्या कर्मकांडाला ते झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालण्याची उपमा देतात. हे भाष्य मनावर घेतलं, तर लिंग अचूक ओळखणं आणि त्या जिवाला जाणणं या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. पहिलीला कौशल्य पुरतं. दुसरीत अहिंसा असल्याशिवाय तिला नेवाशाचा ज्ञानदेव ज्ञान म्हणणार नाही.

धर्मानंही कोंबड्याला सुखानं जगू दिलेलं नाही, हे सांगायलाच हवं. म्हसोबाला, मरीआईला नवस फेडताना नर लागतो. त्याच वेळी जैन परंपरेनं यशोधर राजाची कथा जपली. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' या चंपूत ती सांगितली. आईच्या आग्रहाखातर राजा देवीपुढे पिठाचा कोंबडा कापतो. खरा जीव जात नाही, तरी मारण्याचा संकल्प केला म्हणून मायलेकांना पशुपक्ष्यांचे जन्म घ्यावे लागतात, त्यांत कोंबड्याचाही. आचार्य आनंदऋषींचा (१९०० ते १९९२) जन्म पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचा. जैन विचार या जिल्ह्याला परका नाही. यशोधराची कथा आजच्या तंत्रज्ञानाला थेट भिडते. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली, आणि तिथं आता अंड्यातच लिंग ओळखून नराचं अंडं बाजूला काढतात. भ्रूणाला वेदना व्हायच्या आत ते झालं, तर पिल्लू दळून मारण्यापेक्षा ते निश्चित बरं. पण नर नको हा संकल्प जागचा हलत नाही. त्यापेक्षा दोघांनाही दाम मिळवून देणारी दुहेरी उपयोगाची जात पाळणं हा सरळ मार्ग आहे. गावरान आहे, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आहे, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आहे. अंडं थोडं कमी मिळेल, महाग पडेल. ते सोसायला हवं.

इतका वेळ कोंबडीविषयी बोलताना मराठी वाचकाच्या मनात दुसरं काही चाललेलं असणार. अंडं दिव्यासमोर धरावं तसं पोट यंत्रासमोर धरून आत कोण आहे ते विचारणारी माणसं याच मुलखातली. याच अहिल्यानगर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ८८४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या साडेआठशेच्या आसपास उरल्या. इथे नकोशी होती ती मादी. कोंबडीत नर आणि माणसात मुलगी. उलटसुलट झालं तरी हिशेब तोच, कोणाला खाऊ घालणं परवडतं याचा.

मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी कोंबडीकडून एक गोष्ट शिकावी. कोंबडीच्या मादीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, नरात दोन्ही झेड. म्हणून पिल्लाचं लिंग आईकडून ठरतं. माणसात नेमकं उलटं आहे. एक्स आणि वाय बापाकडे असतात. सुनेला दोष देणारं घर जीवशास्त्र कोंबडीचं वापरत असतं.

महाराष्ट्रानं १९८८ साली गर्भलिंग निदानावर देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्या केंद्रीय कायद्यातली एक तरतूद तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं मुद्दाम वाचावी अशी आहे. डॉक्टरला गर्भाचं लिंग दिसलं, तरी ते गर्भवतीला किंवा तिच्या नातेवाइकांना शब्दानं, खुणेनं वा अन्य कोणत्याही रीतीनं कळवता येत नाही. भर्तृहरीचा रत्नपारखी सांगू शकत नाही. या डॉक्टरनं सांगायचं नाही. जिथं सांगण्यानं जीव जातो, तिथं मौन हे ज्ञानाचाच भाग आहे, असं या कायद्यानं मान्य केलं आहे. पोटातल्या जिवाला जन्मापर्यंत 'ते बाळ' राहू द्या, एवढीच त्याची मागणी. अहिल्यानगरच्या प्रत्येक घरानं ती पाळावी.

जिल्ह्याला २०२४ मध्ये जिचं नाव मिळालं ती अहिल्या याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक. ३१ मे १७२५ रोजी ते लेकरू जन्मलं, आणि ती मुलगी आहे हे घरच्यांना त्याच दिवशी कळलं, त्याआधी नाही.